नाव, ओळख आणि नोकरी

गेल्या वर्षी आमच्या महाविद्यालयात ‘करिअर मार्गदर्शना’चे एक व्याख्यान झाले. महाविद्यालय तालुक्याच्या गावचे. पोरे एसटीने येतात, निम्मी सकाळी कुठेतरी राबून येतात. व्याख्याते पुण्याहून आले होते आणि चांगले बोलले. त्यांचे म्हणणे असे की, आता पदवी पुरेशी राहिलेली नाही. प्रत्येकाने आपल्या नावाचा ब्रँड केला पाहिजे. साबणाचे नाव ऐकले की गिऱ्हाइकाच्या मनात जसा भरवसा तयार होतो, तसा आपले नाव ऐकताच मालकाच्या मनात तयार झाला पाहिजे. त्यासाठी छायाचित्र कसे काढावे, लिंक्डइनवर दोन ओळींत स्वतःविषयी काय लिहावे, मुलाखतीला कसे बसावे, हे सारे त्यांनी समजावून सांगितले. शेवटी म्हणाले, तुम्ही जसे आहात तसे जगापुढे या. आपली कहाणी न लाजता सांगा. पोरांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या.

तिसऱ्या दिवशी वाणिज्य शाखेच्या शेवटच्या वर्षाला असलेला एक विद्यार्थी आपला बायोडाटा घेऊन माझ्याकडे आला. एका खाजगी कंपनीत हिशेबनिसाच्या मदतनिसाची जागा होती. बायोडाट्यावर त्याचे नाव होते, वडिलांचे नाव होते, आडनाव नव्हते.

“सर, एवढंच चालंल का? का आडनाव मागत्याल?”

मी खाली वाचत गेलो. अनुभवाच्या जागी ‘नाही’ असे लिहिलेले. मला नवल वाटले. या मुलाने आपल्या वस्तीतल्या भीमजयंती उत्सव समितीचा जमाखर्च तीन वर्षे सांभाळला आहे. ती वही मी पाहिली आहे. पावती क्रमांक, वर्गणी, मंडपवाल्याची उचल, बाकी, सगळे जागच्या जागी. पदवी घेऊन बाहेर पडणाऱ्या किती जणांना असा हिशेब लिहिता येतो, हे वाणिज्य शिकवणाऱ्या माझ्या सहकाऱ्यांनाच विचारावे. मी म्हणालो, “अरे, हे का लिहिलं नाहीस?”

तो म्हणाला, “सर, ते लिहिलं तर मग आडनाव काढून काय उपयोग?”

त्या दिवशी मला उत्तर देता आले नाही. माझा विषय समाजशास्त्र. जात या विषयावर मी वर्गात तासन् तास बोलतो. पण पोराने नोकरीच्या अर्जावर काय लिहावे आणि काय गाळावे, हे मला सांगता येईना. तेव्हापासून जे वाचले, विचारले आणि करून पाहिले, ते येथे मांडत आहे. आपल्या वाचकांत शिक्षक पुष्कळ आहेत, आणि हा प्रश्न त्यांच्याकडेही येत असणार.

माणसाने स्वतःचा ब्रँड करावा ही कल्पना अमेरिकेतली. 1997 साली टॉम पीटर्स नावाच्या व्यवस्थापनतज्ज्ञाने एका नियतकालिकात लेख लिहून ती लोकप्रिय केली. प्रत्येकाने स्वतःला एक कंपनी समजावे आणि आपणच तिचे प्रमुख आहोत असे मानून चालावे, हा त्याचा आशय. त्याला कारणही होते. एका कंपनीत चिकटून तिथूनच निवृत्त होण्याचे दिवस तिकडे संपत आले होते. कंपनीचे नाव माणसाला आयुष्यभर पुरेनासे झाले, तेव्हा माणसाला स्वतःचे नाव मिरवणे भाग पडले. आपल्याकडेही कंत्राटी नोकऱ्यांचा काळ आला आणि त्यापाठोपाठ हा उपदेश तालुक्यापर्यंत पोचला. तेव्हा त्याला निव्वळ थोतांड म्हणून झटकून टाकता येणार नाही. ज्याला आपले काम चार ओळींत सांगता येत नाही त्याचे काम कुणाला दिसत नाही, हे खरेच आहे.

पण ब्रँड या शब्दाचे मूळ पाहावे. त्या शब्दाचा जुना अर्थ जळणे, आणि त्यावरून तापल्या लोखंडाने उमटवलेली खूण. आपल्या गावाकडे जनावर डागतात, तेच ते. डागलेले जनावर कुणाचे आहे हे लांबून कळावे म्हणून ती खूण. जनावराला तिचा उपयोग नसतो. आर्व्हिंग गॉफमन या समाजशास्त्रज्ञाने कलंकावर पुस्तक लिहिले, त्याच्या आरंभीच तो सांगतो की, जुन्या ग्रीसमध्ये गुलामाच्या, गुन्हेगाराच्या अंगावर कापून किंवा डागून अशी खूण करीत, म्हणजे लोकांनी त्याला टाळावे. म्हणजे डागणे एकच. साबणाच्या वडीवर उमटले की भरवसा, माणसावर उमटले की विटाळ. ‘नावाचा ब्रँड करा’ असे सांगणारा असे धरून चालतो की, आपले नाव कोरे आहे आणि त्यावर आपल्याला हवे ते उमटवता येईल. आमच्या पोराचे नाव कोरे नसते. तो दारातून आत येण्याआधीच त्याच्यावर दुसऱ्या कुणीतरी उमटवून ठेवलेले असते.

गॉफमनचे ते पुस्तक 1963 सालचे. बाबुराव बागुलांचा ‘जेव्हा मी जात चोरली होती’ हा कथासंग्रहही त्याच साली आला. एक अमेरिकेत विद्यापीठात बसून कलंक लपवून वावरण्याची मीमांसा करीत होता, दुसरा इथे तेच कथेतून सांगत होता. दोघांचा एकमेकांशी काही संबंध नव्हता. पण शब्द बागुलांचा अधिक नेमका आहे. ‘चोरली’. स्वतःचीच वस्तू झाकून ठेवली तर तिला चोरी म्हणायचे, म्हणजे तिचा मालक दुसराच कुणीतरी आहे.

हे सारे आमच्या मनाचे खेळ आहेत, आज कोण जात विचारतो, असे म्हणणारे सहकारी प्रत्येक स्टाफरूममध्ये असतात. त्यांच्यासाठी एक प्रयोग सांगतो. सुखदेव थोरात आणि पॉल ॲटवेल यांनी तो केला आणि 2007 साली ‘इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली’त प्रसिद्ध केला. खाजगी कंपन्यांच्या वर्तमानपत्रांतील 548 जाहिरातींना 66 आठवड्यांत 4,808 अर्ज पाठवले. शिक्षण आणि अनुभव सारख्या तोलाचे, फरक नावाचा. काही नावे उच्चवर्णीय हिंदू वाटतील अशी, काही दलित, काही मुसलमान. दलित नावाच्या अर्जाला पुढच्या फेरीचे बोलावणे येण्याची शक्यता उच्चवर्णीय नावाच्या मानाने सुमारे दोन-तृतीयांश निघाली. मुसलमान नावाची तर सुमारे एक-तृतीयांश. यातल्या एकाही अर्जदाराला कुणी पाहिले नव्हते. त्याचे कपडे, उच्चार, वागणे, ‘कम्युनिकेशन स्किल’, काहीच अजून समोर आले नव्हते. फक्त नाव.

काळ्या लोकांच्या बाबतीत अमेरिकेत असेच घडते, हे आपल्या वाचकांना नव्याने सांगायला नको. 1972 साली आपल्या पोरांनी पँथर हे नाव उचलले ते तिकडूनच. पण 2016 साली प्रसिद्ध झालेला तिकडचा एक अभ्यास माझ्या विद्यार्थ्याच्या प्रश्नाला थेट भिडतो. तिथले काळे तरुण नोकरीच्या अर्जातले नाव बदलून गोऱ्यांसारखे करतात, एवढेच नव्हे तर काळ्या विद्यार्थ्यांच्या संघटनेत केलेले कामही गाळतात. संशोधकांनी दोन्ही प्रकारचे अर्ज पाठवून पाहिले. खुणा पुसलेल्या शंभरांतल्या 25 अर्जांना बोलावणे आले, खुणा ठेवलेल्या शंभरांतल्या 10 ना. आणि ज्या कंपन्यांनी जाहिरातीत ‘आम्ही सर्वांना समान संधी देतो’ असे लिहिले होते, त्यांनीही काही कमी भेद केला नाही. उलट ती ओळ वाचून तरुण बेसावध राहतात आणि खुणा कमी पुसतात. पुण्याच्या व्याख्यात्यांचे ‘जसे आहात तसे या’ मला इथे आठवले.

माझ्या विद्यार्थ्याने यातले काही वाचलेले नव्हते. त्याला ते अनुभवाने ठाऊक होते.

आडनाव गाळणाऱ्या पोराला आपल्यातलेच काही लोक हिणवतात. बाबासाहेबांचे नाव घेता आणि स्वतःचे आडनाव लपवता? त्यांनी बाबासाहेबांनीच लिहून ठेवलेले वाचावे. 1917 साली ते बडोद्याला नोकरीवर रुजू व्हायला गेले. कोलंबिया विद्यापीठात शिकलेला, लंडनचा अभ्यास अर्ध्यावर सोडून आलेला माणूस. आजच्या भाषेत त्याचा ब्रँड त्या शहरात दुसऱ्या कुणापाशी नसेल. राहायला खोली मिळेना. पारशी सराईत जागा मिळाली ती रजिस्टरमध्ये पारशी नाव लिहून. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेले पारशी आले आणि त्यांना बाहेर काढले. एका बागेत त्यांनी काही तास काढले आणि मुंबई गाठली. ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’मध्ये त्यांनी हे स्वतः सांगितले आहे, नाव बदलल्याचेही सांगितले आहे. पुढे मुंबईत त्यांनी गुंतवणुकीविषयी सल्ला देण्याचा धंदा काढला, तोही गिऱ्हाइकांना जात कळल्यावर बसला. तेव्हा उपाशी पोराने आडनाव झाकले तर त्याला कुणी शिव्या देऊ नयेत. मी स्वतः तासिका तत्त्वावर नोकरी शोधत होतो तेव्हा आडनावाचे पहिले अक्षर लिहून पुढे टिंब देत असे. तीन वर्षे.

झाकून निभते का, हा वेगळा प्रश्न. अर्जावर निभते. मुलाखतीत समोरचा विचारतो, “कुठले तुम्ही?” गाव सांगितले की, “गावात कुठं?” मग पाहुणे कुठले, कुलदैवत कोणते, वडील काय करतात. जात विचारली असे कुणालाही म्हणता येत नाही. अश्विनी देशपांडे आणि कॅथरीन न्यूमन यांनी दिल्लीच्या विद्यापीठांतून बाहेर पडणाऱ्या विद्यार्थ्यांशी बोलून हेच नोंदवले आहे. घरच्या पार्श्वभूमीचा प्रश्न सवर्ण मुलाला गप्पांसारखा वाटतो आणि आपल्या मुलाला चौकशीसारखा. सुरिंदर जोधका आणि न्यूमन यांनी दिल्ली परिसरातल्या कंपन्यांच्या अधिकाऱ्यांना विचारले, तर ते गुणवत्तेशिवाय काही पाहत नसल्याचेही सांगत आणि उमेदवाराचे घराणे महत्त्वाचे आहे असेही सांगत. दोन्ही एकाच दमात. यात त्यांना विसंगती वाटत नव्हती.

संविधानाचे 16 वे कलम संधीची समानता देते ती राज्याच्या नोकरीत. खाजगी कचेरीच्या दारापाशी ते थांबते. आणि न आलेल्या पत्राविरुद्ध फिर्याद कशी द्यायची?

आता मराठीतला ‘ओळख’ हा शब्द घ्या. आपण कोण आहोत ती ओळख, आणि ‘तिथं आपली ओळख आहे’ म्हणतो तीही ओळख. पहिल्या ओळखीविषयी आपल्या साहित्याने आणि चळवळीने पुष्कळ लिहिले. दुसरीकडे आपण तुच्छतेने पाहिले. वशिलेबाजी म्हणून सोडून दिले. नोकरी मात्र बरेचदा दुसरीवर मिळते. मार्क ग्रॅनोव्हेटर याने 1973 सालच्या आपल्या निबंधात अमेरिकेतल्या नोकरी बदललेल्या लोकांची पाहणी दिली आहे. ज्यांना ओळखीतून नोकरीची बातमी लागली होती, त्यांतल्या फक्त 16.7 टक्क्यांना ती नेहमीच्या भेटीतल्या माणसाकडून कळली होती. बाकीच्यांना अधूनमधून किंवा क्वचित भेटणाऱ्याकडून. कारण सोपे आहे. रोजचा मित्र आपल्याच जगात राहतो. त्याला जे माहीत तेच आपल्याला. लांबचा ओळखीचा दुसऱ्या जगातली बातमी आणतो.

आपल्या पोराची जवळची माणसे भक्कम असतात. वस्ती धावून येते. पण ती सारी एकाच जागी. शिपाई, शिक्षक, पोलीस, तलाठी, एसटीतला वाहक: सरकारी नोकरीच्या बातम्या आपल्याला खडान् खडा कळतात. खाजगी कंपनीत जागा निघाली हे मात्र जाहिरात आल्यावर कळते. तोवर आतल्या कुणीतरी आपल्या मावसभावाचे नाव सुचवलेले असते. कंपन्या याला ‘रेफरल’ म्हणतात, काही ठिकाणी नाव सुचवणाऱ्याला बक्षीसही देतात. त्या मावसभावाने स्वतःचा ब्रँड केलेला नसतो. तो त्याच्या आत्यामामांनी, शेजाऱ्यांनी, शाळेने केव्हाच करून ठेवलेला असतो, आणि तो त्याला आपलाच गुण समजतो.

हे समजल्यावर मी एक वही घातली. आमच्या महाविद्यालयातून बाहेर पडलेली आपली मुलेमुली कुठे आहेत, ते लिहू लागलो. साठेक नावे जमली. बहुतेक सरकारी नोकरीत किंवा तिच्या परीक्षांच्या तयारीत. खाजगी कंपनीत बऱ्या जागी असलेले सात-आठ. त्यांतल्या एकाला मी फोन केला. माझ्याच हाताखालचा. सात वर्षे एका मोठ्या कंपनीत लेखा विभागात आहे. आनंदाने बोलला, घरचे विचारले. मग मी म्हणालो, “आपल्या मुलांना तुझं नाव सांगतो, जागा निघाली की कळवत जा.” तो गप्प झाला. थोड्या वेळाने म्हणाला, “सर, माझं नाव नका सांगू. इथं कुणाला माहीत नाही.”

मी फोन ठेवला तेव्हा मला त्याचा राग आला नाही. सात वर्षे डब्यात काय आणावे, 14 एप्रिलला रजा कोणत्या कारणाने मागावी, घरी सहकारी आले तर भिंतीवरची तसबीर कुठे ठेवावी, याचा हिशेब करणे हे दुसरी नोकरी करण्यासारखे आहे, आणि तिचा पगार नाही. पण त्या दिवशी मला एक गोष्ट लख्ख कळली. जात चोरून आत गेलेला माणूस मागच्यासाठी दार उघडू शकत नाही. दार उघडायला ‘हा माझा आहे’ असे म्हणावे लागते, आणि तेवढेच तो म्हणू शकत नाही. सवर्ण उमेदवार आत गेला की दहा जणांची ओळख आत जाते. आपला एकटाच जातो, आणि जाताना ओळख बाहेर ठेवून जातो. 1956 साली आग्र्याला बाबासाहेबांनी शिकलेल्यांविषयी जे दुःख बोलून दाखवले, ते आपण एकमेकांना टोचायला वापरतो. त्या शिकलेल्याच्या तोंडावर हात कुणी ठेवला आहे, हेही त्याबरोबर सांगावे.

मी आता विद्यार्थ्यांना जे सांगतो ते फार मोठे नाही. झेरॉक्सच्या दुकानात बायोडाट्याचा जो तयार नमुना मिळतो तो आधी फाडायला लावतो. त्यात धर्म, जात, वैवाहिक स्थिती असे रकाने असतात. लग्नाचा आणि नोकरीचा कागद एकाच साच्यातून काढलेला. खाजगी अर्जाला यातले काही लागत नाही. छायाचित्रही मागितल्याशिवाय लावू नये. सरकारी अर्जात मात्र प्रवर्गाचा रकाना ठळक भरावा, प्रमाणपत्र जोडावे, तिथे लाजून जागा घालवू नये. ती ओळख हक्काच्या पावतीसारखी आहे.

अनुभवाची जागा रिकामी ठेवू देत नाही. आपली पोरे बारा वर्षांची झाल्यापासून काम करतात, आणि बायोडाट्यात लिहितात ‘छंद: वाचन, क्रिकेट’. अभ्यासिका चालवली, वसतिगृहाच्या मेसचा बाजार केला, निराधार योजनेचे अर्ज शंभर म्हाताऱ्यांना भरून दिले, वीटभट्टीवर बापाच्या उचलीचा हिशेब मालकाशी भांडून तपासला: हे काम आहे. ते आकड्यांत लिहायचे, क्रियापद लावून लिहायचे. विशेषणे नकोत. ‘मी मेहनती आहे’ असे सगळेच लिहितात.

घरचे विचारले तर एका वाक्यात खरे सांगायचे: वडील शेतमजूर, घरात पदवीधर मी पहिला. आणि तिथून लगेच कामावर यायचे. कहाणी रंगवायची नाही. आजकाल हालअपेष्टांनाही बाजारात भाव आहे. सल्लागार मंडळी ‘तुमचा संघर्ष विका’ असे जवळजवळ उघड सांगतात. 1978 साली ‘बलुतं’ आले तेव्हाही गिऱ्हाइकाच्या नजरेने ते वाचणारे होतेच. पण दया पवारांनी ते नोकरीच्या अर्जाला जोडण्यासाठी लिहिले नव्हते.

आणि त्या विद्यार्थ्याचा बायोडाटा? आम्ही दोघांनी बसून ती ओळ लिहिली. “तीन वर्षे उत्सव समितीचा जमाखर्च सांभाळला, सुमारे दोनशे घरांची वर्गणी, पावतीपुस्तके, देणी आणि वर्षअखेरचा लेखी ताळेबंद वस्तीपुढे वाचून मंजूर करून घेतला.” समितीचे नाव लिहायचे की नाही यावर आमचे एकमत झाले नाही. मला वाटत होते लिहावे. तो म्हणाला, “सर, तुम्हाला पगार चालू आहे.” ते खरे होते. मग त्याने दोन बायोडाटे केले, एक समितीचे नाव आणि आडनाव घालून, एक दोन्ही गाळून. कुठे कोणता पाठवला त्याची नोंद तो त्याच जमाखर्चाच्या वहीच्या मागच्या पानावर ठेवतो: तारीख, कंपनी, कोणता कागद, उत्तर. मागच्या महिन्यात पाहिले तेव्हा एकोणीस अर्ज झाले होते. उत्तराच्या रकान्यात दोन ठिकाणी काही लिहिलेले होते. ते कोणत्या कागदाला आले होते हे मी विचारले नाही. पान त्यानेच माझ्याकडे वळवून ठेवले.